वेडा उमराव शहाणा होतो तेव्हा

ब्रिटनमध्ये नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून मंजूर करून घ्यावी लागे. १७३७ च्या कायद्याने घातलेलं हे जोखड सप्टेंबर १९६८ मध्ये उतरलं, आणि त्याच नोव्हेंबरात नॉटिंगहॅम प्लेहाउसमध्ये पीटर बार्न्सचं ‘द रुलिंग क्लास’ उभं राहिलं. गुन्हेगारांना फासावर पाठवणारा न्यायाधीश-उमराव घरी गळ्यात फास अडकवून घेण्याच्या नादात चुकून मरतो. गादीवर येतो त्याचा मुलगा जॅक, आणि तो स्वतःला येशू ख्रिस्त समजतो. असलं नाटक जुन्या कचेरीतून धडपणे बाहेर पडलं असतं असं वाटत नाही.

पीटर मेडॅकने १९७२ मध्ये त्याचा सिनेमा केला. पटकथा बार्न्सचीच, आणि गडबड तिथेच झाली. स्वतःच्या वाक्यांना कात्री लावणं कुठल्या लेखकाला जमतं? सिनेमा १५४ मिनिटांचा झाला. मध्येच सगळे गायला-नाचायला लागतात, मध्येच कुणीतरी भाषण ठोकतं. रंगमंचावर हे खपून जातं. पडद्यावर तिसऱ्या गाण्याला माणूस घड्याळाकडे बघतो.

पण याच पसाऱ्यात जॅक झालेल्या पीटर ओटूलला रान मोकळं मिळालं. तो मुळात ब्रिस्टल ओल्ड व्हिक या नाट्यसंस्थेत घडलेला नट. लांबलचक वाक्यं आणि दिवाणखान्यातला भलाथोरला क्रूस त्याला जड जात नाहीत. त्या क्रूसावर तो असा निवांत टेकतो, जणू आरामखुर्चीच. तुम्ही देव आहात हे कशावरून, असं विचारल्यावर उत्तर येतं: प्रार्थना करताना लक्षात आलं, मी स्वतःशीच बोलतोय. हे तो विनोद म्हणून टाकत नाही, अगदी सरळपणे सांगतो, म्हणून हसू येतं.

खरी करामत उत्तरार्धात आहे. उपचारांनी जॅक ‘बरा’ होतो, म्हणजे आता तो स्वतःला जॅक द रिपर, एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचा कधीच न सापडलेला खुनी, समजू लागतो. केस कापलेले, अंगात काळा कोट, आवाजातली माया गायब. प्रेमाची भाषा बोलणारा वेडा ज्यांना नकोसा होता, त्यांना हा शिक्षेची भाषा बोलणारा खुनी एकदम पसंत पडतो. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, तो गरजतो आणि कोळिष्टकांनी माखलेले उमराव त्याला दाद देतात. ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी कायमची रद्द होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती, हे ध्यानात घेतलं की तो प्रसंग जास्त बोचतो.

सिनेमा फारसा चालला नाही. ओटूलला ऑस्करचं पाचवं नामांकन मिळालं. पुरस्कार मात्र ‘गॉडफादर’साठी मार्लन ब्रँडोला गेला आणि त्याने तो नाकारला! २०१५ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर स्टुडिओजमध्ये जेम्स मॅकअव्हॉयने हाच जॅक रंगवला. वंशपरंपरेने बसणाऱ्या बहुतेक उमरावांना १९९९ च्या कायद्याने लॉर्ड्समधून तोवर घरी धाडलं होतं. ९२ जण मात्र अजून बसून होते.