कस्तुरी गुलाब आणि हिमालयातला कुंजा: फरक ओळखूनच छाटणी करावी

मे महिन्याच्या सुट्टीत हिमाचल किंवा कुमाऊँकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांना रस्त्याकडेच्या झाडांवर थेट शेंड्यापर्यंत चढलेला आणि पांढऱ्या फुलांनी लगडलेला एक रानगुलाब हमखास दिसतो. तिकडे त्याला कुंजा किंवा कुजा म्हणतात. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी १८२० मध्ये त्याला ‘रोझा ब्रुनोनी’ हे शास्त्रीय नाव दिले. पुष्कळ लोक, आणि काही रोपवाटिकासुद्धा, यालाच कस्तुरी गुलाब समजतात. खरा कस्तुरी गुलाब म्हणजे ‘रोझा मोस्काटा’ ही वेगळी जात आहे, आणि बाग करणाऱ्याने हा फरक जाणून घेतलाच पाहिजे, कारण या दोघांच्या छाटणीच्या वेळा एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

गफलत होण्याला कारणही तसेच आहे. दोन्ही जातींची फुले पांढरी, पाच पाकळ्यांची आणि घोसाने येणारी असतात. दोघांच्याही फुलाच्या मध्यभागी कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचे बारीक देठ) एकत्र जुळून त्यांचा एकच बारीक स्तंभ झालेला दिसतो. कस्तुरी गुलाबाचा वास मुख्यतः पुंकेसरांत असतो, त्यामुळे एखाद्या फुलाच्या पाकळ्या खुडून टाकल्या तरी उरलेल्या पिवळ्या झुपक्याला तो येत राहतो. दमट, उबदार हवेत हा वास झुडपापासून बऱ्याच अंतरावरही जाणवतो.

फरक प्रथम आकारात दिसतो. कुंजा हा दांडगा वेल आहे. आकडीसारख्या वाकड्या काट्यांच्या आधाराने तो दहा मीटरपर्यंतही चढतो. त्याच्या पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातली छोटी पाने, लांबट, राखाडी-हिरव्या आणि खाली झुकलेल्या असतात, आणि पान उलटून बोट फिरवले तर मऊ लव लागते. कस्तुरी गुलाब मात्र दोन-तीन मीटरच्या झुडपापलीकडे सहसा जात नाही, आणि त्याच्या पर्णिका अधिक रुंद असतात.

तरीही सर्वांत भरवशाची खूण फुलण्याच्या हंगामाची आहे. कुंजा उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदाच, पण भरभरून फुलतो. कस्तुरी गुलाबाचा बहर युरोपात उन्हाळा सरताना सुरू होतो आणि शरद ऋतूत चालू राहतो. इंग्लंडमध्ये एके काळी कस्तुरी गुलाबाच्या नावाखाली कुंजाचीच रोपे विकली जात होती. ती उशिरा फुलत नाहीत हे ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस या गुलाबतज्ज्ञांना खटकत होते. अखेर १९६३ मध्ये त्यांना अस्सल झुडूप एनफिल्डच्या मिडल्टन हाउस येथे, ई. ए. बोल्स या बागतज्ज्ञांच्या जुन्या बागेत सापडले. ही जात टिकली हे मला फार मोलाचे वाटते. अत्तर आणि गुलाबपाणी ज्यापासून काढतात त्या दमास्क गुलाबाच्या पूर्वजांत तिचा समावेश आहे, आणि नॉइझेट या बागेतल्या गुलाबांच्या गटाचा वंशही तिच्यापासूनच सुरू होतो.

आता छाटणीचे पाहू. कुंजाला फुले येतात ती गेल्या वर्षीच्या फांद्यांवरच्या आखूड फुटव्यांवर. म्हणून थंडी सरताना त्याच्यावर कात्री चालवली तर येणारा बहरच कापला जातो. त्याची छाटणी फुले झडल्यावर करावी आणि तीही जुन्या, थकलेल्या फांद्यांपुरतीच. कस्तुरी गुलाब त्या वर्षीच्या नव्या वाढीवर फुलतो, त्यामुळे त्याला हिवाळ्याच्या अखेरीस, नवे डोळे फुटण्याआधी, निःशंकपणे छाटावे.

दोघांनाही भरपूर ऊन, निचऱ्याची जमीन आणि लावताना कुजलेले शेणखत हवे. कुंजाला मोठे झाड किंवा मजबूत मांडव द्यावा. बांबूच्या काठ्या त्याच्या वजनाला पुरत नाहीत. त्याच्या लांब, लवचिक फांद्यांवर दाब कलम करणे, म्हणजे फांदी न तोडता मातीत दाबून तिला मुळे फुटू देणे, सोपे जाते. बियांपासून वाढवायचा असेल तर पिकलेल्या फळांतले बी स्वच्छ धुऊन, ओल्या वाळूत मिसळून दोन-तीन महिने फ्रीजमध्ये ठेवावे, कारण थंडी लागल्याशिवाय ते सहसा रुजत नाही, आणि त्यानंतरही उगवण रेंगाळू शकते. महाराष्ट्राच्या मैदानी भागात कुंजाला त्याच्या डोंगरातली थंडी मिळत नाही, तेव्हा केवळ फुलांच्या आशेवर एवढ्या पसरणाऱ्या वेलाला जागा देऊ नये, असे माझे मत आहे.

परदेशातल्या थंड प्रदेशात राहणाऱ्या मराठी बागप्रेमींना दोन्ही लावता येतील. कस्तुरी गुलाबाची खात्रीची रानटी वस्ती कुठेच ज्ञात नाही, तो बागांतून कलमांनीच टिकून आहे. त्यामुळे त्याचे रोप नुसत्या पाटीवर विसंबून घेऊ नये. सप्टेंबरमध्ये रोपवाटिकेत जाऊन, त्यावर फुले किंवा कळ्या आहेत हे पाहून मगच घ्यावे.