फ्लू, कोविड आणि फुफ्फुसातली बुरशी: हे सगळं २०२१ ला सुरू नाही झालं

दुसऱ्या लाटेत आपल्याकडे म्युकर, म्हणजे ब्लॅक फंगस, घराघरात माहीत झाला. नाक, डोळे, जबडा, अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईकांची वणवण, सगळं आठवतंय. पण जगभरच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या फुफ्फुसात दुसरी एक बुरशी वाढत होती, अॅस्परजिलस, आणि तिच्याबद्दल आपण जवळजवळ बोललोच नाही.

ही बुरशी कुजलेल्या पाल्यात, कंपोस्टमध्ये, धुळीत सगळीकडे असते. तिचे बीजाणू २-३ मायक्रॉनचे, आपण रोज श्वासातून आत घेतो आणि धडधाकट फुफ्फुस ते मारून टाकतं. म्हणून कित्येक वर्षं समज असा की हा आजार ल्युकेमियावाल्यांचा, ट्रान्सप्लांटवाल्यांचा. फ्लूनंतर अॅस्परजिलस झाल्याच्या केसेस १९५० च्या दशकापासून छापून येत होत्या, पण एकेक, सुट्या सुट्या.

खरी अडचण व्याख्येची होती असं मला वाटतं. २००२ मध्ये रिसर्चसाठी हा आजार ओळखायचे जे निकष ठरले त्यात पेशंटची प्रतिकारशक्ती आधीपासून कमी असणं ही अटच होती, मग फ्लू होऊन आयसीयूत आलेल्या एरवी ठणठणीत माणसाच्या कफात बुरशी सापडली तरी ती त्यात बसायचीच नाही, नुसती येऊन बसलीय म्हणून सोडून द्यायचे.

२००९ च्या स्वाइन फ्लूनंतर अशा केसेस वाढत गेल्या. मग २०१८ मध्ये नेदरलँड्स-बेल्जियमचा अभ्यास आला, त्यात फ्लूमुळे आयसीयूत गेलेले ४३२ पेशंट, त्यातल्या ८३ जणांना, म्हणजे १९ टक्क्यांना, ही बुरशी. ९० दिवसांत त्यातले निम्मे गेले, बुरशी नसलेल्यांत हेच प्रमाण २८ टक्के. व्हायरस श्वासनलिकेचं अस्तरच खरवडून काढतो आणि बुरशीला वाट मिळते, वर स्टेरॉइड दिलं की बुरशी मारणाऱ्या पेशीही थंडावतात.

हे सगळं माहीत असताना कोविड आला. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीव वाचतात हे सिद्ध झालं, ते द्यायलाच हवं होतं, पण धोका वाढणार हेही दिसत होतं. त्यात संसर्गाच्या भीतीने ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, टाळली जायची, आणि त्या दुर्बिणीतून फुफ्फुसात सलाइन सोडून, ते परत खेचून त्यावर गॅलॅक्टोमॅनन टेस्ट (बुरशीच्या पेशीभित्तिकेतला पदार्थ शोधणारी) केल्याशिवाय हा आजार नीट पकडता येत नाही, रक्तातली टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्हच येते. फ्लू आणि कोविडच्या पेशंटसाठी वेगळे निकष २०२० मध्ये आले, ज्यात कमी प्रतिकारशक्तीची जुनी अट काढून टाकली.

मग आधीच औषध देऊन रोखता येईल का? फ्लूच्या पेशंटना पोसाकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध देऊन पाहिलं, फायदा सिद्ध झाला नाही, कारण बहुतेकांच्या फुफ्फुसात बुरशी आयसीयूतल्या पहिल्या दोन दिवसांतच सापडत होती.