पोकरचे पायाभूत डावपेच

पोकरचे पायाभूत डावपेच : पोकर या पैजेच्या पत्त्यांच्या खेळात एखाददुसरा डाव नव्हे, तर शेकडो डावांअंती फायद्यात राहण्यासाठी पाळायची निर्णयांची शिस्त. भारतात या खेळाचे प्रमुख ठिकाण गोवा. पणजीला मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनोंच्या जहाजांवर मुख्यतः ‘टेक्सास होल्डेम’ हा प्रकार खेळला जातो. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग मधोमध तीन (फ्लॉप), एक (टर्न) आणि पुन्हा एक (रिव्हर) अशी पाच पाने उघडतात. सातांपैकी सर्वोत्तम पाच पाने धरून निकाल लागतो.

गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा. त्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आले आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरचे खेळ खेळायला वाट मिळाली. प्रवेशाला २१ वर्षे पूर्ण लागतात. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीयांना खेळायला बंदी आहे. त्यामुळे या टेबलांवर मराठी बोलणारा खेळाडू भेटतो तो बहुधा मुंबई-पुणे-कोल्हापूरकडून आलेला, आणि त्याचा हात बसलेला असतो तीन पत्तीवर. पोकरमध्ये त्याला आधी तीच सवय मोडावी लागते.

तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पाने) कलरपेक्षा (सगळी एकाच चिन्हाची पाने) वरचढ, पोकरमध्ये कलर (फ्लश) सिक्वेन्सच्या (स्ट्रेट) वर. यामागे निव्वळ गणित आहे. तीन पानांच्या २२,१०० जुळण्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांच्या २५,९८,९६० जुळण्यांत मात्र कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. जे दुर्मीळ ते मोठे. दुसरा फरक ब्लाइंडचा. तीन पत्तीत पाने न पाहता खेळणाऱ्याला निम्म्या पैशात चाल मिळते, म्हणून ब्लाइंड खेळण्यात फायदा असतो. पोकरमध्ये ब्लाइंड ही दोन जागांवर बसणाऱ्यांनी पाने मिळण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम आहे. ‘भरलेच आहेत तर बघू’ म्हणून ती राखायला जाणे ही नवख्यांची सर्वांत महागडी खोड.

सुरुवातीची दोन पाने १,३२६ प्रकारे येऊ शकतात. जोडी सरासरी १७ डावांत एकदा येते, एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. एक्का-राजा हा देखणा हातही फ्लॉपवर तीनांतून सुमारे दोनदा जोडी न लागता कोरडाच राहतो. म्हणून नऊ जणांच्या टेबलावर जाणता खेळाडू साधारण पाचांतला एखादाच हात खेळतो, बाकीचे पॅक करतो (पाने टाकून डाव सोडतो). कंटाळा सहन करणे हा या खेळाचा मोठा भाग आहे, आणि तो जहाजावरच्या गाण्या-बजावण्यात फार अवघड जातो.

हात निवडताना बसण्याची जागाही पाहावी. डीलरचे बटण (दर डावाला पुढच्या खेळाडूकडे सरकणारी खूण) ज्याच्यापुढे, तो फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी बोलतो; इतरांनी काय केले ते पाहूनच त्याला ठरवता येते. गुलाम-दश्शी बटणावर खेळण्याजोगी असते, पहिल्या जागेवर बहुधा नसते.

पैजेचा हिशेब मात्र सावकाश समजून घ्यावा. समजा, हातात बदामचा एक्का व गुलाम आहे. फ्लॉपवर बदामची सत्ती, बदामची दुर्री आणि इस्पिकचा राजा आला. पॉटमध्ये (मधे जमलेल्या पैजेच्या रकमेत) ४,००० रुपये आहेत आणि समोरच्याने २,००० लावले. कॉल केल्यास (तेवढेच पैसे भरून डावात राहिल्यास) ८,००० च्या पॉटसाठी आपले २,००० जातात; म्हणजे २५ टक्के वेळा जिंकलो तरी बरोबरी होते. न दिसलेल्या ४७ पानांत बदाम नऊ उरले. ढोबळ नियम असा : दोन पाने यायची असतील तर नऊला चाराने गुणा, एकच यायचे असेल तर दोनाने. उत्तर अनुक्रमे ३६ आणि १८ टक्के (अचूक आकडे सुमारे ३५ आणि १९). समोरच्याने शेवटचे २,००० लावले असतील तर दोन्ही पाने फुकट दिसतात, कॉल सरळ आहे. पण त्याच्यापुढे अजून पैशांचा ढीग असेल, तर टर्नवर तो पुन्हा पैज लावणार. तेव्हा १९ टक्केच धरावेत आणि कलर लागल्यावर त्याच्याकडून आणखी किती निघतील, यावर निर्णय घ्यावा. त्याने ८,००० लावले असते तर ४० टक्के लागले असते. तिथे पाने टाकावीत.

हात कच्चा असताना मोठी पैज लावून हूल देण्याला (ब्लफ) हेच गणित लागू होते. निम्म्या पॉटएवढी पैज तीनांतून एकदा तरी समोरच्याला पळवू शकली पाहिजे. सुट्टीला आलेला, प्रत्येक डाव बघायचाच म्हणणारा माणूस पळत नाही. त्याच्यावर ब्लफ वाया जातो. चांगला हात आल्यावर त्याच्याकडून पुरेपूर वसूल करावे.

पोकरमध्ये कॅसिनो प्रतिस्पर्धी नसतो, पण रोख टेबलावर पॉटमधून आपला वाटा (रेक) कापून घेतो. तेव्हा इतरांपेक्षा किंचित सरस असणे पुरत नाही, टेबल पारखून बसावे लागते. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढेही पाचांतून जवळजवळ एकदा हरते. यासाठी टेबलावर बसायच्या रकमेच्या निदान २० ते ३० पट पैसे, घरखर्चापासून वेगळे, बाजूला असावेत असा संकेत आहे. स्पर्धांमध्ये ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत जातात, म्हणून चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) रुपयांत न मोजता मोठ्या ब्लाइंडच्या (दोन सक्तीच्या रकमांतल्या मोठ्या रकमेच्या) पटीत मोजतात. दहा पटींच्या खाली आल्यावर नुसता कॉल करणे बहुधा तोट्याचे. तेव्हा एक तर सगळे लावावे, नाही तर पॅक करावे.