व्होल्गा गोठली नाही तेव्हा

मंगोल म्हटलं की डोळ्यांपुढे चंगीझखानाचे घोडेस्वार येतात. मला मात्र त्यानंतर चारशे वर्षांनी, गुरंढोरं आणि तंबू घेऊन पश्चिमेची वाट धरणारे तोरगूत अधिक ओढ लावतात.

पश्चिम मंगोलांना ओइरात म्हणतात. तोरगूत ही त्यांतलीच एक टोळी. आज चीनच्या शिनजियांगात मोडणाऱ्या झुंगारियात कुरणं अपुरी पडू लागली, आपसांतली भांडणंही मिटेनात. तेव्हा खो ओर्लुक या सरदाराने माणसं घेऊन घर सोडलं. १६३० च्या सुमारास ही मंडळी रशियातल्या व्होल्गा नदीच्या खालच्या खोऱ्यात पोचली. पाऊस जेमतेम, पण गवत अफाट. हिवाळा कॅस्पियनच्या बाजूला, उन्हाळा उत्तरेला, असं त्यांचं चक्र सुरू झालं. झारला सीमेवर असे घोडेस्वार हवेच होते. हेच लोक पुढे कल्मिक म्हणून ओळखले गेले.

शंभरेक वर्षांत चित्र पालटलं. रशियन आणि जर्मन शेतकरी कुरणं नांगरू लागले, तुर्कांशी चाललेल्या युद्धासाठी स्वारांची मागणी वाढत गेली. तिकडे मागे सोडलेल्या झुंगारियात, चीनच्या चिंग राजघराण्याच्या सैन्याने १७५० च्या दशकात तिथल्या ओइरातांची झुंगार सत्ता मोडून काढली होती. कत्तल आणि देवीची साथ यांनी ती भूमी जवळजवळ रिकामी झाली होती. कल्मिकांचा प्रमुख उबाशी खान याने ठरवलं, परत जायचं.

जानेवारी १७७१. तंबू, उंट आणि कळप नदीपार न्यायचे तर बर्फाचा जाड थर हवा. त्या वर्षी व्होल्गा नीट गोठलीच नाही. पूर्वेच्या काठावरचे दीड लाखांहून अधिक लोक निघाले, पश्चिमेच्या काठावरचे तिथेच अडकले. निघालेल्यांच्या वाट्याला थंडी, तहान, कझाकांचे हल्ले आले. शिनजियांगातल्या इली नदीपर्यंत सत्तर हजारांच्या आसपासच पोचले. हा आकडा वाचताना माझा हात दर वेळी थबकतो.

चिंग बादशहा छ्येनलुंगने त्यांना गुरं, धान्य, कापड दिलं. पण सगळ्यांना एकत्र राहू दिलं नाही. काराशहर, होबोकसार अशा दूरदूरच्या ठिकाणी विभागून त्यांना वसवलं. सीमा राखायला माणसं हवी होती, पण पुन्हा एकवटलेली टोळी नको होती.

‘कल्मिक’ म्हणजे ‘मागे राहिलेले’, असं पुष्कळदा सांगितलं जातं. पण हे नाव १७७१ च्या कितीतरी आधीच्या तुर्की-फारसी लेखनात सापडतं. गोष्ट सुरेख आहे, पण या फाटाफुटीतून नाव आलं, हे खरं नाही. मूळ कुठलं, याबाबत जनुकांची साक्ष अधिक भरवशाची. व्होल्गाकाठी शतकं काढूनही कल्मिकांचे डीएनए मंगोलियातल्या लोकांशी जवळचं नातं दाखवतात.

लिपीची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १६४८ मध्ये झाया पंडित या भिक्षूने ओइरातांसाठी ‘तोदो बिचिग’, म्हणजे स्पष्ट लिपी, घडवली. जुन्या मंगोल लिपीत ‘त’ आणि ‘द’, ‘ओ’ आणि ‘उ’ सारखेच दिसत. मोडीत इकार-उकाराचं ऱ्हस्व-दीर्घ संदर्भाने ओळखावं लागतं, तसंच काहीसं. झायाने प्रत्येकाला वेगळी खूण दिली. शिनजियांगातले ओइरात ही लिपी अजून जाणतात. व्होल्गाकाठी मात्र विसाव्या शतकात सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेची लिपी, आली.

डिसेंबर १९४३ मध्ये स्तालिनच्या राजवटीने नव्वद हजारांहून अधिक कल्मिकांना गाड्यांत कोंबून सायबेरियात पाठवलं. १९५७ पासून ते परतू लागले. त्या मधल्या वर्षांत गावोगाव विखुरलेली मुलं रशियन शाळांत शिकली. आज युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत कल्मिक आहे, आणि रशियातल्या कल्मिकिया प्रजासत्ताकाच्या राजधानीतली, एलिस्तातली बहुतेक मुलं घरीही रशियनच बोलतात.