पायवाट की रस्ता? रोजच्या सायकलप्रवासामागचा दोनशे वर्षांचा प्रश्न

सायकलने कामावर जाणारा माणूस एकाच फेरीत दोनदा तरी वेगळा माणूस होतो. झाडांमधून जाणाऱ्या सामायिक वाटेवर तो सगळ्यांत वेगवान असतो. पुढे गप्पा मारत चालणारे दोघे, बाबागाडी ढकलणारी आई, लांब पट्ट्याला बांधलेलं कुत्रं या सगळ्यांना सांभाळून घेण्याची जबाबदारी त्याची. मग वाट संपते, कडेचा छोटा उतार लागतो आणि तो उतरताक्षणी बस आणि ट्रकच्या मधोमध सगळ्यांत नाजूक जीव त्याचाच असतो. मी रोज असा एक उतार उतरतो आणि इतक्या वर्षांनंतरही तिथे पोहोचलो की ब्रेकवरची बोटं आपोआप आवळली जातात.

वाट नेमकी तिथेच का संपते आणि पुढच्या रस्त्यावर सायकलला जागा का ठेवलेली नाही, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. सायकलस्वाराला चालणाऱ्यांत धरायचं की वाहनांत, हा प्रश्न सायकलइतकाच जुना आहे. वेगवेगळ्या काळात त्याची वेगवेगळी उत्तरं दिली गेली, आणि आपण रोज ज्यावरून जातो ते रस्ते या सगळ्या उत्तरांचे तुकडे जोडून झालेले आहेत.

१२ जून १८१७ रोजी कार्ल फॉन ड्राइस यांनी जर्मनीतल्या मानहाइम शहरातून दोन चाकांचं एक लाकडी यंत्र बाहेर काढलं. त्याला पायडल नव्हतं; बसून दोन्ही पायांनी जमीन मागे रेटायची. जाऊन-येऊन सुमारे चौदा किलोमीटर त्यांनी तासाभराच्या आत कापले. पण त्या काळचे रस्ते घोडागाड्यांच्या चाकांनी खोल चिरलेले असत. ‘चाकोरी’ हा शब्द आपण आता अलंकारिक अर्थानेच वापरतो. त्या स्वारांसाठी ती खरीखुरी खाच होती आणि तिच्यात पुढचं चाक अडकलं की माणूस आडवा. मग ते साहजिकच सपाट फूटपाथवर चढले आणि चालणारे वैतागले. त्याच वर्षी डिसेंबरात मानहाइमने फूटपाथवर हे यंत्र चालवायला बंदी घातली. १८१९ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कमध्येही बंदी आली. म्हणजे यंत्र रस्त्यावर येऊन सहा महिने होत नाहीत तोच त्याची जागा कुठली, यावर भांडण जुंपलं होतं. रस्ता त्याच्या लायकीचा नव्हता आणि फूटपाथ त्याला मोकळा नव्हता.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा निकाल कायद्याने लागला. रस्त्याकडेच्या फूटपाथवर गाडी घालू नये, असं १८३५ च्या हायवे ॲक्टमध्ये आधीच होतं. सायकल ही ‘गाडी’ आहे का, हा मुद्दा १८७९ मध्ये न्यायालयात गेला आणि बेफाम गाडी हाकण्याचा कायदा सायकलस्वारालाही लागू आहे, असा निर्णय झाला. १८८८ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने सायकल ही गाडीच आहे, असं सरळ लिहून टाकलं. सायकलस्वाराला रस्त्यावर चालण्याचा पक्का हक्क मिळाला तो इथे. त्याच कलमात एक अटही होती. दुसऱ्या गाडीला, घोड्याला किंवा रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला मागे टाकताना, पुरेसं अंतर ठेवून, घंटी किंवा शिट्टी वाजवून इशारा द्यायचा.

‘पुरेसं अंतर’ म्हणजे किती, हे कुठल्याही कायद्याला सांगता आलेलं नाही. ते बोटांनाच कळतं. अगदी जवळ जाऊन घंटी वाजवली की माणूस दचकतो आणि नेमका आपल्याच बाजूला उडी मारतो. फार लांबून वाजवली तर ऐकूच जात नाही. दहा-बारा मीटरवरून एकदा हलकेच, मग वेग कमी करून पुन्हा एकदा, एवढं केलं की बहुतेक माणसं एका बाजूला होतात. दोघे असले तर बऱ्याचदा एक डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे आणि मग दोघेही एकमेकांकडे पाहत मधोमध येतात. अशा वेळी पाय खाली टेकवून थांबावं, दुसरा उपाय नाही.

यंत्राची सुधारणा पुढे झपाट्याने झाली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची साखळीवर चालणारी, जवळपास सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या सायकलींचं पुढचं चाक फार उंच असे; त्यावरून डोक्यावर आपटण्याची भीती गेली. रस्ते मात्र तसेच होते. ते सुधारावेत म्हणून ज्यांनी सर्वांत आधी संघटितपणे आवाज उठवला, त्यांत सायकलस्वार आघाडीवर होते, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. इंग्लंडमधली त्यांची संघटना १८७८ ची, अमेरिकेतली १८८० ची. १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये सायकल संघटनांनीच रस्तेसुधारणेसाठी वेगळी संस्था उभारली. मोटारगाड्या सर्रास दिसू लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. सायकलवाल्यांना ‘रस्ता तुमच्या बापाचा आहे का’ असं कुणी ओरडून विचारतं, तेव्हा मला हा इतिहास आठवतो आणि खरंच वाईट वाटतं.

त्याच दशकांत वेगळ्या सायकलवाटाही सुरू झाल्या. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या मालीबान रस्त्यावर १८८५ मध्ये एक झाली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये ओशन पार्कवेवर १८९४ मध्ये झाली. तिच्यावर इतकी गर्दी लोटली की दोन वर्षांत ती रुंद करावी लागली. न्यूयॉर्क राज्यात तर खडबडीत रस्त्यांच्या कडेने सायकलसाठी अरुंद वाटा बांधल्या गेल्या आणि त्यांचा खर्च सायकलस्वारांनी विकत घेतलेल्या बिल्ल्यांतून भागवला गेला. या वाटा स्वारांनी स्वतः मागितलेल्या होत्या. पुढच्या पिढीतल्या वाटांबद्दल तसं म्हणता येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात सायकल हे कामगाराचं रोजचं वाहन झालं. कारखान्याचा भोंगा वाजला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. त्याच रस्त्यांवर आता मोटारीही वाढत होत्या, आणि सरकारांना सायकल ही अडचण वाटू लागली. जर्मनीत १९३४ च्या वाहतूक नियमांनी जिथे सायकलवाट असेल तिथे तीच वापरण्याची सक्ती केली. उद्देश उघड होता: मोटारींसाठी रस्ता मोकळा करायचा. १९३४ च्याच डिसेंबरात लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी सुमारे चार किलोमीटरच्या सायकलवाटेचं उद्घाटन केलं आणि तिथल्या सायकल संघटनेने तिला कडाडून विरोध केला. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. पण १८८८ मध्ये मिळालेला रस्त्यावरचा हक्क हळूहळू काढून घेतला जाईल, ही त्यांची भीती होती, आणि जर्मनीत तेच घडलेलं समोर दिसत होतं. नेदरलँड्समध्ये तर १९२४ पासून प्रत्येक सायकलला कराची पितळी चकती लावावी लागे, आणि तो पैसा मोठ्या प्रमाणात मोटाररस्त्यांकडे वळला. हा कर १९४१ मध्ये बंद झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. ब्रिटनमध्ये १९४९ साली लोकांनी वर्षभरात मिळून सुमारे २,४०० कोटी किलोमीटर सायकल चालवली. १९७३ पर्यंत हा आकडा ४०० कोटींच्याही खाली आला. सायकलवर कोणीही बंदी घातली नव्हती. चौक रुंद झाले, वेग वाढले, घरं कामापासून लांब गेली आणि माणसं एकेक करून उतरली.

आजच्या सामायिक वाटा याच पडझडीतून आल्या. मोटारींमुळे जसे सायकलस्वार कमी झाले, तशा आगगाड्याही बंद पडल्या आणि रुळांखालच्या लांबलचक पट्ट्या ओसाड झाल्या. १९६३ च्या सप्टेंबरात निसर्ग-अभ्यासक मे थीलगार्ड वॉट्स यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहून एका बंद पडलेल्या लोहमार्गावर पायवाट करावी, असं सुचवलं. त्यातून इलिनॉय प्रेअरी पाथ उभी राहिली. विस्कॉन्सिन राज्याने १९६५ मध्ये एलरॉय आणि स्पार्टा या गावांमधला सुमारे ५१ किलोमीटरचा मार्ग विकत घेतला. त्यावर तीन बोगदे आहेत आणि सर्वांत लांब बोगदा अकराशे मीटरहून मोठा, आत गार काळोख. तिथे सायकलस्वाराला उतरून, दिवा हातात धरून चालत जावं लागतं. सिअॅटलची बर्क-गिलमन वाट १९७८ मध्ये खुली झाली. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि बाथ यांना जोडणारी, सुमारे २१ किलोमीटरची वाट १९७९ ते १९८६ दरम्यान टप्प्याटप्प्याने झाली. ती बांधायला कुदळ-फावडी घेऊन स्वयंसेवक उतरले होते.

लोहमार्गाची वाट पायडल मारणाऱ्याला इतकी का आवडते, याचं कारण आगगाडीच्या अशक्तपणात आहे. पोलादी चाकाला पोलादी रुळावर चढ झेपत नाही, म्हणून अभियंत्यांनी टेकडी फोडली, दरीत भराव घातला आणि शंभर मीटरमागे जेमतेम एक-दोन मीटरचा चढ ठेवला. वळणं लांब, पूल तयार, सिग्नल जवळपास नाहीत. दप्तर पाठीवर घेऊन घाम न येता कामावर पोहोचायचं तर यापेक्षा चांगला रस्ता मुद्दाम आखूनही क्वचितच मिळेल. कालव्यांच्या काठाने, बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या वाटांचंही तेच.

अडचण अशी की या वाटा जिथे रूळ होते तिथूनच जातात. घरांच्या मागच्या भिंती आणि गोदामांच्या पिछाड्या यांच्यामधून त्या निघतात आणि कचेरी, शाळा, बाजार यांच्या अलीकडेच कुठेतरी सोडून देतात. शिवाय त्या फिरायला म्हणून बांधल्या गेल्या. अनेक ठिकाणी त्यांना बागेचेच नियम लागू आहेत: दिवे नाहीत, अंधार पडला की बंद, बर्फ पडला तर हटवायला कुणी येत नाही. रविवारी फिरणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. सकाळी आठच्या आत पोहोचायचं असलेल्याला मात्र फार पडतो. अमेरिकेत १९८३ च्या कायदादुरुस्तीने बंद लोहमार्ग वाटेसाठी वापरायला दिले, पण पुढे कधी गाडी सुरू करायची झाली तर जागा परत घेता येईल, या बोलीवर. १९९१ च्या वाहतूक कायद्यानंतर मात्र अशा वाटांसाठी केंद्रीय वाहतूक निधीतून पैसा मोठ्या प्रमाणावर मिळू लागला. सायकलवाट म्हणजे प्रवासाची सोय, ही मान्यता इतक्या उशिरा मिळाली.

रुंदीचं गणितही तेव्हाचंच चालत आलं आहे. अमेरिकी मार्गदर्शिकेत दोन्ही दिशांच्या सामायिक वाटेसाठी साधारण तीन मीटर धरलेले आहेत. दोन माणसं शेजारी चालली की त्यातले जवळपास दीड मीटर गेले. समोरून एक सायकल येतेय, मागून आपण. चौघांना एकाच वेळी ती तीन मीटर पुरत नाहीत आणि त्यांपैकी कुणीही चुकीचं वागत नसतं. मला या वाटांवरच्या भांडणांत हेच सर्वांत जास्त खटकतं. चालणारा सायकलवाल्याला दोष देतो, सायकलवाला चालणाऱ्याला, आणि तीन मीटर कोणी ठरवले हे विचारायचं राहून जातं.

रस्त्यावरच्या सायकलचं काय, यावर १९७० च्या दशकात दोन अगदी वेगळी उत्तरं दिली गेली. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहराने १९६७ मध्ये रस्त्यावर सायकलसाठी पट्टे आखले होते. पण त्याच राज्यात पालो आल्टोसारख्या ठिकाणी सायकलस्वारांना फूटपाथवरून जायला भाग पाडलं गेलं, तेव्हा जॉन फॉरेस्टर या अभियंत्याने त्याविरुद्ध मोहीम उघडली. सायकल हे वाहन आहे, तेव्हा ती वाहनासारखीच लेनच्या मधून चालवा आणि वेगळ्या वाटांच्या नादी लागू नका, अशी त्यांची भूमिका. अमेरिकी नियोजनावर तिचा दोनेक दशकं मोठा प्रभाव राहिला.

दुसरं उत्तर नेदरलँड्सचं. तिथे १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं. १९७२ मध्ये पत्रकार विक लांगेनहॉफ यांनी, स्वतःची मुलगी अपघातात गमावल्यावर, ‘बालहत्या थांबवा’ या शीर्षकाचा लेख लिहिला. त्याच नावाने चळवळ उभी राहिली आणि पालक मुलांसह रस्त्यावर बसले. १९७३ च्या तेलसंकटात मोटारीविना रविवार पाळले गेले, तेव्हा रिकामे महामार्ग लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुढे एकेकट्या नमुना-मार्गांचे प्रयोग झाले. नुसत्या एका चांगल्या मार्गाने सायकलस्वार फारसे वाढत नाहीत, हे त्यांतून दिसलं, आणि म्हणून डेल्फ्टने सगळं शहर जोडणारं जाळं विणलं.

फॉरेस्टर यांचा एक सल्ला मी रोज पाळतो: उभ्या मोटारींच्या दारांपासून हातभर लांब राहायचं आणि चौकात कडेला न चिकटता लेन घ्यायची. पण दहा वर्षांच्या मुलाला किंवा सत्तरीच्या बाईंना ट्रकसमोर लेन घ्यायला सांगणं मला पटत नाही, आणि ज्या शहरांनी तेवढ्यावर भागवलं तिथे सायकलवर थोडे धीट लोकच उरले. स्पेनमधल्या सेव्हिलने २००६ पासून चारेक वर्षांत सुमारे १२० किलोमीटरचं जोडलेलं जाळं बांधलं, बरीचशी जागा पार्किंगमधून घेतली, आणि जिथे सायकल जवळपास दिसत नव्हती तिथे ती रोजची झाली. न्यूयॉर्कने १९८० मध्ये काँक्रीटच्या कडा घालून वेगळे पट्टे केले होते, ते काही आठवड्यांतच उखडले. २००७ मध्ये तिथेच, नाइन्थ ॲव्हेन्यूवर, उभ्या मोटारींचीच भिंत करून असा पट्टा पुन्हा आला आणि टिकला. २०२० च्या साथीत पॅरिस आणि बोगोटा यांनी रस्त्यावर ठेवायचे प्लास्टिकचे शंकू आणि रंग वापरून कित्येक किलोमीटर पट्टे रातोरात आखले, आणि त्यांतले अनेक नंतर पक्के झाले.

मानहाइमचा प्रश्न आता विजेच्या सायकलींनी पुन्हा वर आणला आहे. युरोपात २५० वॉटपर्यंतची मोटर असलेली आणि पायडल मारताना ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करणारी सायकल कायद्याने सायकलच मानली जाते. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये अशा सायकलींचे तीन वर्ग केले. त्यांतल्या ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत देणाऱ्या तिसऱ्या वर्गाला, स्थानिक प्रशासनाने परवानगी दिली नसेल तर, रस्त्यापासून दूर असलेल्या सायकलवाटांवर मज्जाव आहे. तो स्वार त्या उतारापर्यंत पोहोचतच नाही. त्याचा पूर्ण प्रवास बस आणि ट्रकच्या सोबतीनेच होतो.