विमानातून सुरू झालेली व्हिएतनामी दूरचित्रवाणी

७ फेब्रुवारी १९६६ रोजी दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगॉनमध्ये, पहिल्यांदा दूरचित्रवाणी दिसली, तेव्हा ती दाखवायला शहरात केंद्रच नव्हतं. अमेरिकी नौदलाचं चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन विमान तान सोन न्युत तळावरून उडायचं, सुमारे दहा हजार फुटांवर घिरट्या घालायचं आणि तिथूनच कार्यक्रम प्रक्षेपित करायचं. चित्रफितींची यंत्रं, छोटा स्टुडिओ, प्रक्षेपक, सगळं विमानाच्या पोटात. एकाच विमानातून दोन वाहिन्या चालत : ९ क्रमांकावर दक्षिण व्हिएतनाम सरकारचे व्हिएतनामी कार्यक्रम आणि ११ क्रमांकावर अमेरिकी सैनिकांसाठी इंग्रजी. जमिनीवरचं केंद्र त्याच वर्षी नंतर सुरू झालं. सरकारचं म्हणणं खेड्यापाड्यांत पोचावं हा यामागचा उघड हेतू होता. लोकांना मात्र ओढ लागली ती ‘काइ लुओंग’ची, म्हणजे दक्षिणेतल्या संगीत नाटकांची. घरोघरी संच नव्हते, त्यामुळे ज्याच्याकडे असेल त्याच्या दारात गर्दी व्हायची.

देश तेव्हा दोन भागांत विभागलेला होता. साम्यवादी उत्तर व्हिएतनाममध्ये सगळं उशिरा आणि तुटपुंज्या साधनांवर उभं राहिलं. ‘व्हॉइस ऑफ व्हिएतनाम’ या सरकारी रेडिओच्या हनोईतल्या क्वान सू रस्त्यावरच्या स्टुडिओतून ७ सप्टेंबर १९७० रोजी पहिलं चाचणी प्रक्षेपण झालं. त्यासाठी काही जण क्युबात शिकून आले होते. दोन्हीकडची तांत्रिक मानकंही वेगळी होती. म्हणजे भाषा एक असली, तरी तिची दूरचित्रवाणी जन्मापासूनच दोन ठिकाणची, दोन बाजूंची. आज त्या भाषेतल्या वाहिन्यांमध्ये जे वैविध्य दिसतं, त्याचं मूळ मला या फाळणीत दिसतं.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन उत्तरेच्या फौजांच्या हाती पडलं. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, तिथलं केंद्र नव्या नावानं पुन्हा सुरू झालं. आजच्या हो ची मिन्ह सिटीची ‘एचटीव्ही’ ती हीच. १९७६ मध्ये हनोईची दूरचित्रवाणी रेडिओपासून वेगळी झाली आणि १९८७ मध्ये तिला ‘व्हिएतनाम टेलिव्हिजन’, म्हणजे ‘व्हीटीव्ही’, हे नाव मिळालं.

देश एक झाला, पण ऐकण्याच्या सवयी वेगळ्याच राहिल्या. परदेशी मालिका दाखवताना उत्तरेत ‘थुयेत मिन्ह’ची पद्धत रुळली. मूळ आवाज मागे बारीक ऐकू येत राहतो आणि एकच निवेदक नायक, नायिका, सासू, पोर अशा सगळ्यांचे संवाद सपाट सुरात वाचतो. नायिका हंबरडा फोडते, निवेदकाचा स्वर मात्र ढळत नाही. ब्राझील आणि मेक्सिकोच्या मालिकांवर कित्येक कुटुंबं अशीच रडली. दक्षिणेत ‘लोंग तिएंग’ पसंत केलं जाई : प्रत्येक पात्राला स्वतंत्र आवाज, तोही दक्षिणी बोलीतला. मला पहिली पद्धत अधिक मोलाची वाटते. निवेदक पात्राची जागा घेत नाही, त्यामुळे मूळ नटाचा आवाज कानावर पडत राहतो.

नव्वदीपासून वाहिन्या वाढल्या. १९९६ मध्ये खेळ आणि करमणुकीची ‘व्हीटीव्ही ३’ आली, १९९८ मध्ये परदेशस्थांसाठी ‘व्हीटीव्ही ४’. २००२ मधली ‘व्हीटीव्ही ५’ मोंग, थाई, ख्मेर, एदे, चाम अशा अल्पसंख्याक भाषांसाठी आहे. प्रत्येक प्रांताचं स्वतःचं केंद्र होतं. संध्याकाळी ७ च्या राष्ट्रीय बातम्या सगळ्यांनी दाखवायच्या, बाकीचा वेळ आपापला. मेकाँगच्या खोऱ्यातल्या विन्ह लोंगच्या केंद्रानं दक्षिणी मालिकांच्या जोरावर आपल्या प्रांताबाहेरही मोठा प्रेक्षक मिळवला.

जे १९७५ नंतर देश सोडून गेले, त्यांनी आपली वेगळी वाट धरली. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतून २००२ मध्ये ‘एसबीटीएन’ ही चोवीस तासांची व्हिएतनामी वाहिनी सुरू झाली. तिच्या पडद्यावर जुन्या दक्षिणेचा पिवळा झेंडा आजही मानाचा आहे. ही जखम किती ओली होती ते २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथल्या ‘एसबीएस’ या सरकारी बहुभाषिक वाहिनीनं हनोईच्या बातम्या दाखवायला सुरुवात करताच व्हिएतनामी निर्वासित हजारोंच्या संख्येनं रस्त्यावर उतरले. ज्यांच्या राजवटीतून जीव मुठीत धरून पळालो, त्यांचाच आवाज आता आमच्या दिवाणखान्यात का, हा त्यांचा सवाल होता. प्रक्षेपण थांबवावं लागलं.

देशात सध्या एकत्रीकरण चालू आहे. डिजिटल प्रक्षेपणाची सुरुवात करणारी ‘व्हीटीसी’ जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. जुलैत ६३ प्रांतांचे ३४ झाले आणि प्रांतिक केंद्रंही एकमेकांत मिसळली. विन्ह लोंगच्या प्रांतात आता बेन त्रे आणि त्रा विन्ह हे शेजारी प्रांतही आले आहेत.