बे दुणे चार आणि एक जपानी अक्षर

पाटीवर ‘२ × २ = ४’ लिहून मुलांना वाचायला सांगा. पाढे पाठ असलेले मूल म्हणेल, ‘बे दुणे चार’. लिहिलेला आकडा एकच, पण त्याने पहिल्यांदा तो ‘बे’ वाचला आणि लगेच पुढे ‘दुणे’. सुटा दिसला तर तो त्याला ‘दोन’ म्हणेल, आणि ‘२ रा’ असे लिहिले तर ‘दुसरा’. या आकड्याच्या उच्चारांची यादी त्याच्याकडून कोणी घोकून घेतलेली नसते.

जपानी कांजी वाचताना नेमके हेच करावे लागते. कांजी म्हणजे चीनमधून जपानमध्ये गेलेली अर्थचिन्हे. नेहमीच्या वापरातल्या कांजींची जी सरकारी यादी आहे तीत २०१० पासून २,१३६ चिन्हे आहेत, आणि त्यांपैकी १,०२६ प्राथमिक शाळेतच शिकवतात. पहिलीच्या वर्गाच्या वाट्याला ८० येतात. त्यातलेच एक इथे घेऊ. तीन आडव्या रेघा, त्यांना छेदणारी एक उभी, आणि डावीकडे वर एक छोटी तिरकी. एकूण पाच फटकारे. सर्वांत खालची रेघ म्हणजे जमीन, तिच्यातून वर आलेला कोंब म्हणजे बाकीचे चिन्ह. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी चीनमध्ये हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर कोरलेल्या लेखांत या कोंबाचे मूळ रूप सापडते. अर्थही कोंबासारखाच फुटत गेला: उगवणे, जन्मणे, जगणे, आणि पुढे कच्चे, ताजे.

एवढ्याशा चिन्हाला सरकारी यादीत बारा उच्चार दिले आहेत. याचे कारण इतिहासात आहे. चिनी आणि जपानी या मुळातच वेगळ्या कुळांतल्या भाषा. चिन्ह आले तेव्हा जपान्यांनी दोन गोष्टी केल्या. चिनी शब्द त्याच्या उच्चारासकट उचलला, ते ‘ओन’ वाचन. आणि त्या अर्थाचा आपला घरचा शब्दही त्याच चिन्हावर ठेवला, ते ‘कुन’ वाचन. ‘जल’ आणि ‘पाणी’ या दोन्हींसाठी आपण एकच चिन्ह काढले असते, तर ‘जलप्रवास’ आणि ‘पाणी दे’ वाचताना आपलीही अशीच कसरत झाली असती.

आपल्या चिन्हाची ओन वाचने दोन आहेत, कारण ती दोन वेगळ्या वेळी आली. ‘शो’ हा उच्चार आधीचा, बौद्ध ग्रंथांबरोबर रुजलेला. ‘सेइ’ नंतरचा, तांग राजवटीच्या राजधानीत शिकून परतलेल्या जपान्यांनी आणलेला. म्हणून जन्म, जरा, व्याधी, मृत्यू ही आपल्या ओळखीची चौकडी जपानीत ‘शो-रो-ब्यो-शि’ होते, आणि तिच्या आरंभी आपले चिन्ह ‘शो’ म्हणून उभे असते. विद्यार्थी मात्र ‘गाकुसेइ’, शिक्षक ‘सेन्सेइ’. सेन्सेइचा अक्षरशः अर्थ आधी जन्मलेला. वाढदिवसाच्या ‘तान्जोबी’त त्याच ‘शो’चा ‘जो’ होतो. संधी शिकलेल्या माणसाला याचे नवल वाटायला नको.

कुन वाचनात मदतीला शेपूट असते. चिन्हापुढे हिरागाना या उच्चारलिपीत ‘किरु’ लिहिले की सगळा शब्द ‘इकिरु’, म्हणजे जगणे. ‘मारेरु’ लिहिले की ‘उमारेरु’, जन्मणे. ‘एरु’ लिहिले की ‘हाएरु’, उगवणे. ‘२ रा’मधला ‘रा’ जसा ‘२’ला ‘दुस’ वाचायला लावतो, तसेच हे.

मला सर्वांत आवडते ते ‘नामा’ वाचन. कच्चे अंडे ‘नामा’, टीव्हीवरचे थेट प्रक्षेपणही ‘नामा’. आपल्या ‘कोरा’ शब्दासारखे हे आहे: कोऱ्या चहात दूध नसते, कोरे कापड पाण्यातून काढलेले नसते, कोऱ्या कागदावर अक्षर नसते. ज्याच्यावर अजून काही क्रिया झालेली नाही, ते नामा. कच्च्या रेशमाला मात्र ‘किइतो’ म्हणतात, तिथे हेच चिन्ह ‘कि’ होते.

याच चिन्हापुढे ‘वस्तू’चे चिन्ह ठेवले की गंमत वाढते. जीवशास्त्राच्या पुस्तकात ती जोडी ‘सेइबुत्सु’, म्हणजे सजीव. खाण्याच्या संदर्भात तीच ‘नामामोनो’, म्हणजे न शिजवलेला, लवकर नासणारा पदार्थ. कोणता उच्चार घ्यायचा ते आजूबाजूच्या मजकुरावरून ठरते. म्हणूनच बारा उच्चारांची यादी पाठ करत बसणे मला निरुपयोगी वाटते. सेन्सेइ, तान्जोबी, इकिरु असे पुरते शब्द, तेही वाक्यात भेटलेले, शिकावेत. उच्चार त्यांच्या पाठीवर बसून येतात.

मेंदूही अर्थचिन्हे आणि उच्चारचिन्हे पूर्णपणे एकाच वाटेने वाचत नाही असे दिसते. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेल्या काही जपानी रुग्णांना कांजी वाचता येईनाशा होतात, पण उच्चारलिपी बरीचशी वाचता येते. काहींच्या बाबतीत नेमके उलटे घडते.

विशेषनामांत तर जपानी माणसेही अडतात. तोक्योच्या पश्चिमेला फुस्सा नावाचे शहर आहे, तिथे आपले चिन्ह ‘सा’ वाचतात. ऑलिंपिकमध्ये २०१४ आणि २०१८ साली सुवर्णपदक मिळवणारा स्केटर युझुरु हान्यू, आणि १९९६ मध्ये शोगी या जपानी बुद्धिबळाचे सातही किताब एकाच वेळी बाळगणारा योशिहारु हाबु, या दोघांची आडनावे त्याच दोन कांजींत लिहितात, आणि त्यातली दुसरी आपलीच. जपानी अर्जांवर नावाच्या रकान्याला लागूनच उच्चार लिहायची वेगळी ओळ असते ती यासाठीच.